स्किलब्रिजमधील सैनिकाला कंपनीने काय द्यावे आणि काय देऊ नये

टेक्सासमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत विभागप्रमुख असलेल्या एका मराठी गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. अमेरिकी लष्करातला एक कॅप्टन ‘स्किलब्रिज’ योजनेखाली चार महिन्यांसाठी त्यांच्या विभागात काम शिकायला आला आहे. कंपनीत सर्वांना दुपारचे जेवण मोफत मिळते. दिवाळीला कंपनी प्रत्येकाला भेटकार्ड देते. एका परिषदेला विभागातले सगळे जाणार आहेत. कॅप्टन घरापासून लांब राहत असल्याने त्याला कंपनीची सदनिका वापरायला द्यावी, असाही विचार चालू आहे. पुढे त्याला नोकरीवर घ्यायचे आहे आणि रुजू होताना बोनस द्यायचा आहे. शिवाय पहिल्या आठवड्यातच विभागाने त्याला दीडशे डॉलरचे हेडफोन दिले, ते योग्य झाले का, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे. कंपनी संरक्षण खात्याला काही सेवा पुरवते, हा तपशील त्यांनी जाता जाता लिहिला आहे. प्रत्यक्षात उत्तराचा मोठा भाग त्यावरच अवलंबून आहे.

संरक्षण खात्याच्या कार्यालयांत नैतिकता सल्लागार म्हणून काम करताना असे प्रश्न माझ्याकडे बहुधा सैनिकाकडून येत, आणि तेही वस्तू स्वीकारून झाल्यावर. कंपनीच्या बाजूने कोणी आधी विचारत नाही, कारण देणाऱ्याला वाटते की नियम घेणाऱ्यासाठी आहे. तांत्रिकदृष्ट्या ते बरेचसे खरेही आहे. पण शिक्षा होईल ती त्या कॅप्टनला, आणि तीही निवृत्तीच्या उंबरठ्यावर; म्हणून देणाऱ्यानेही हे नियम समजून घेतलेले बरे.

प्रथम त्या कॅप्टनचे स्थान स्पष्ट केले पाहिजे. स्किलब्रिजची चौकट संरक्षण खात्याच्या जानेवारी २०१४ च्या निर्देश क्रमांक १३२२.२९ मध्ये आहे. सेवेच्या शेवटच्या १८० दिवसांत सैनिकाला नागरी कंपनीत प्रशिक्षण, उमेदवारी किंवा इंटर्नशिप करता येते. त्यासाठी शिस्तभंगाची शिक्षा देण्याचा अधिकार असलेल्या, मेजर किंवा त्याहून वरच्या हुद्द्याच्या कमांडिंग अधिकाऱ्याची परवानगी लागते. भारतातील वाचकांना पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम ठाऊक असतील, पण तिथे सैनिक बहुतेक वेळा शिक्षणसंस्थेच्या वर्गात बसतो. इथे तो थेट खासगी कंपनीच्या टेबलावर बसतो, बैठकांना हजर राहतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला कंपनीचा कर्मचारीच वाटतो. गोंधळाचे मूळ यातच आहे. तो कर्मचारी नाही. त्याचा पगार, घरभत्ता, आरोग्यसेवा आणि रजा सर्व काही लष्कराकडून चालू आहे, आणि तुमच्या कार्यालयात बसणे हेच त्या काळातले त्याचे लष्करी कर्तव्य आहे.

म्हणूनच या प्रशिक्षणाच्या काळासाठी यजमान कंपनीकडून वेतन, विद्यावेतन किंवा अन्य कोणत्याही स्वरूपातला आर्थिक मोबदला घेण्यास निर्देशाने मनाई केली आहे. हा नियम जवान, हवालदार आणि अधिकारी सर्वांना सारखा लागू आहे. अधिकाऱ्यांच्या बाबतीत त्यामागे एक फौजदारी तरतूदही उभी आहे: संघीय कायद्याच्या शीर्षक १८ मधील कलम २०९ प्रमाणे सरकारी सेवेबद्दलच्या वेतनात खासगी स्रोताने भर घालणे हा गुन्हा आहे, आणि त्यात घेणाऱ्याबरोबर देणाराही दोषी ठरू शकतो. या कलमाच्या व्याख्येत बिगर-अधिकारी सैनिक येत नाहीत, पण तुमचा पाहुणा कॅप्टन असल्याने ती सवलत त्याच्या उपयोगाची नाही. ‘पगार नाही, फक्त महिन्याला थोडा प्रवासखर्च म्हणून देऊ’ अशी वाट काही कंपन्या शोधतात. नाव बदलल्याने रकमेचे स्वरूप बदलत नाही, आणि दरमहा ठरावीक रक्कम मिळत असेल तर तिला मोबदला म्हणणाऱ्या लेखापालाशी वाद घालणे अवघड जाते.

आता भेटवस्तूंकडे वळू. संघीय कार्यकारी शाखेचे आचारनियम संघीय नियमसंहितेच्या शीर्षक ५, भाग २६३५ मध्ये आहेत. ते १९९३ पासून लागू आहेत, आणि त्यांतल्या भेटवस्तूंच्या प्रकरणात १ जानेवारी २०१७ पासून महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. मूळ नियमांच्या व्याख्येत लष्करी अधिकारी येतात, बिगर-अधिकारी सैनिक येत नाहीत. ती उणीव संरक्षण खात्याच्या संयुक्त नैतिकता नियमावलीने भरून काढली आहे. त्यामुळे तुमच्याकडे उद्या सार्जंट आला तरी भेटवस्तूंबाबत हेच उत्तर लागू राहील.

बहुतेक लोक प्रश्नाची सुरुवात किमतीपासून करतात: ‘वीस डॉलरपर्यंत चालते ना?’ सुरुवात देणाऱ्यापासून आणि देण्याच्या कारणापासून केली पाहिजे. ज्या संस्थेचा त्या सैनिकाच्या खात्याशी व्यवहार आहे किंवा जिला तो हवा आहे, जी खात्याकडून एखादा निर्णय मागत आहे, किंवा जिचे हित त्या सैनिकाच्या कामामुळे बरे-वाईट होऊ शकते, ती ‘निषिद्ध स्रोत’ ठरते. तुमची कंपनी संरक्षण खात्याला सेवा विकते, म्हणजे ती या व्याख्येत सरळ बसते. तसा व्यवहार नसता तरी दुसरी कसोटी उरलीच असती: त्या व्यक्तीचे पद किंवा दर्जा नसता तर ही वस्तू दिली गेली असती का? स्किलब्रिजमधील सैनिक तुमच्या कार्यालयात सैनिक म्हणूनच आला आहे, त्यामुळे ‘आम्ही तर त्याला माणूस म्हणून दिले’ हा युक्तिवाद इथे नेहमीपेक्षा लंगडा पडतो.

तरीही कंपनीतून हातात आलेली प्रत्येक गोष्ट भेट नसते. प्रशिक्षणासाठी लागणारा लॅपटॉप, प्रवेशपत्र, सॉफ्टवेअरचा परवाना, कारखान्यात सुरक्षेचे बूट आणि हेल्मेट ही शिकवण्याची साधने आहेत. ती वापरायला द्यावीत, नोंद ठेवावी आणि शेवटच्या दिवशी परत घ्यावीत. प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क मंजूर प्रशिक्षण आराखड्याचा भाग असेल तर तोच न्याय सामान्यतः लागू होतो. आराखड्यात नसलेली महागडी परीक्षा मध्येच कोणाच्या लहरीने भरून टाकली, तर मात्र ती व्यक्तीला दिलेली देणगी दिसू लागते. माझा आग्रह असतो की कंपनीने काय काय पुरवायचे ते आराखड्यात आरंभीच लिहावे. चार ओळींचे काम असते, आणि पुढची अर्धी पत्रापत्री त्याने वाचते.

जेवणाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा किचकट आहे, आणि मला विचाराल तर संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जेवणाचा भाग नसलेला साधा अल्पोपाहार, म्हणजे चहा, कॉफी, डोनट, बैठकीत ठेवलेली बिस्किटे, यांना नियम भेटच मानत नाही. गणपतीत कार्यालयात कोणी मोदक वाटले तर कॅप्टनने निःशंकपणे खावेत. पण पूर्ण जेवण ही बाजारभावाची वस्तू आहे. निषिद्ध स्रोताकडून एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची आणि एका कॅलेंडर वर्षात एकाच स्रोताकडून एकूण ५० डॉलरपर्यंतची भेट घेता येते. तुमच्या उपाहारगृहातल्या जेवणाचा बाजारभाव १२ डॉलर धरला, तर चार जेवणांत ४८ डॉलर झाले. पाचव्या दिवशी, म्हणजे पहिला आठवडा संपायच्या आत, वर्षाची मर्यादा ओलांडली गेली. कंपनीतल्या वेगवेगळ्या लोकांनी दिले म्हणून हिशेब वेगळा होत नाही. सर्व कर्मचारी मिळून स्रोत एकच.

‘पण आमच्याकडे ते सर्वांनाच मिळते’ हे उत्तर पुरेसे नाही. सर्व जनतेला, सर्व सरकारी कर्मचाऱ्यांना किंवा सर्व सैनिकांना खुली असलेली सवलत भेट ठरत नाही. तुमच्या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना खुली असलेली सुविधा या वर्णनात बसत नाही, कारण तो तुमचा कर्मचारी नाही. काही सल्लागार अशा जेवणाला प्रशिक्षणाच्या रचनेचा भाग मानून लेखी होकार देतील, काही देणार नाहीत. होकार मिळेपर्यंत त्याने जेवणाचे पैसे भरावेत किंवा डबा आणावा. उपाहारगृहात पैसे घेण्याची सोयच नाही, असे एका कंपनीने मला सांगितले होते. तेव्हा तिथल्या प्रशिक्षणार्थ्याने चार महिने घरून डबा नेला, आणि शेवटी त्याच्या टेबलाभोवती डबेवाल्यांचा एक छोटा कंपूच तयार झाला.

दिवाळीचे भेटकार्ड देताना रक्कम आणि प्रकार दोन्ही पाहावे लागतील. २० डॉलरच्या सवलतीत रोख रक्कम आणि शेअर येत नाहीत, आणि कुठल्याही दुकानात चालणारे प्रीपेड कार्ड रोखीसारखेच मानले जाते. एखाद्या विशिष्ट दुकानाचे किंवा कॉफीच्या साखळीचे २० डॉलरपर्यंतचे कार्ड वार्षिक मर्यादेत बसत असेल तर घेता येते. तुमची कंपनी इतरांना १०० डॉलरचे कार्ड देत असेल तर त्यातले ८० डॉलर कॅप्टनने भरून उरलेले २० भेट म्हणून ठेवावेत, ही युक्ती चालत नाही; एकाच वस्तूचा वरचा भाग पैसे देऊन सोडवता येत नाही. मात्र तीन स्वतंत्र वस्तू असतील आणि त्यांची बेरीज २० डॉलरपेक्षा जास्त होत असेल, तर एखादी नाकारून बाकीच्या मर्यादेत ठेवता येतात. अठरा डॉलरचा मिठाईचा डबा द्यायचा असेल तर जरूर द्या, फक्त तो पन्नासांच्या हिशेबात मोजला जाईल हे लक्षात असू द्या.

तुम्ही स्वतःच्या खिशातून, मैत्रीखातर दिले तर? वैयक्तिक नात्यावर आधारित भेटीला सवलत आहे, पण त्यात दोन गोष्टी पाहतात: नात्याचा इतिहास, आणि पैसे खरोखर व्यक्तीने दिले की नंतर कंपनीकडून वसूल केले. दोन महिन्यांपूर्वी कार्यालयातच झालेली ओळख या कसोटीला उतरणार नाही. तुम्ही आणि तो पंधरा वर्षांपूर्वी एकाच महाविद्यालयात असता, तुमची घरे एकमेकांकडे येत-जात असती, तर उत्तर वेगळे झाले असते. घरी जेवायला बोलावण्यालाही हेच लागू आहे. आपल्याकडे पाहुण्याला जेवू न घालता पाठवणे अवघड जाते, हे मी जाणतो. साध्या घरगुती जेवणाची किंमत २० डॉलरच्या आत सहज बसते, ते एकदा होऊ द्यावे, दर शनिवारी नको. सैनिकाच्या पत्नीला किंवा मुलांना, तो सैनिक आहे म्हणून आणि त्याच्या माहितीने व संमतीने दिलेली वस्तू ही त्यालाच दिलेली भेट मानली जाते. मुलाच्या वाढदिवसाला ‘मुलासाठी’ म्हणून दिलेला टॅबलेट हा पळवाटेचा इतका जुना प्रकार आहे की नियम करणाऱ्यांनी तो आधीच बुजवून ठेवला आहे.

सदनिकेबद्दल मी स्पष्टपणे नको म्हणेन. अनेक सैनिक स्किलब्रिजसाठी दुसऱ्या शहरात स्वखर्चाने जातात, सरकार तिथल्या राहण्याचा खर्च देत नाही, आणि त्यामुळे कंपनीला मदत करावीशी वाटते. हेतू चांगला आहे. पण चार महिन्यांच्या भाड्याची किंमत हजारो डॉलरांत जाते, आणि ती भेट मानली काय किंवा मोबदला मानला काय, दोन्ही दारे बंद आहेत. कॅप्टनने बाजारभावाने पूर्ण भाडे भरले तर ती भेट राहत नाही. त्याखेरीज अन्य काही करायचे असेल तर त्याच्या नैतिकता सल्लागाराचे लेखी मत आल्याशिवाय किल्ली देऊ नका.

परिषदेचा प्रवास प्रशिक्षण आराखड्यात असेल आणि तिथे तो शिकायला जात असेल, तर ती बाब सल्लागारापुढे आधीच ठेवावी आणि उत्तराची वाट पाहावी. परिषदेच्या संध्याकाळी होणाऱ्या मोठ्या मेजवानीसाठी ‘व्यापक उपस्थितीचा मेळावा’ अशी एक वेगळी सवलत आहे, पण तीही आपोआप मिळत नाही. खात्याच्या हिताचे आहे असे लेखी प्राधिकरण आधी लागते. मेजवानीत सोडत निघाली आणि कॅप्टनला दूरचित्रवाणी संच लागला तर? जनतेला खुल्या असलेल्या स्पर्धेतले बक्षीस भेट नसते, पण केवळ कंपनीच्या लोकांपुरती काढलेली सोडत या वर्णनात येत नाही. त्याचे नाव चिठ्ठ्यांत न टाकणे सर्वांत सोपे.

नोकरीच्या बोलण्यांबाबत नियम तुलनेने उदार आहेत, आणि ते लोकांना ठाऊक नसते. खऱ्याखुऱ्या नोकरीच्या चर्चेसाठी भावी मालक सर्वसाधारणपणे जे देतो, म्हणजे मुलाखतीला येण्या-जाण्याचा प्रवास, मुक्काम आणि जेवण, ते सैनिकाला घेता येते. अट एकच, पण कडक: ज्या कंपनीशी बोलणी चालू आहेत तिच्या हितावर परिणाम करणाऱ्या सरकारी कामापासून त्याने आधीच दूर झालेले असले पाहिजे. इथे तुम्ही त्या कॅप्टनला एक प्रश्न जरूर विचारा. त्याच्या आधीच्या नेमणुकीत तुमच्या कंपनीचे कंत्राट, बिल, तपासणी किंवा निविदा त्याच्या हाताखालून गेली होती का? गेली असेल तर भेटवस्तूंचा प्रश्न दुय्यम ठरतो. त्याच शीर्षक १८ मधले हितसंबंधांच्या संघर्षाचे कलम २०८, निविदाप्रक्रियेची गोपनीयता आणि निवृत्तीनंतरच्या कामावरचे निर्बंध या सर्वांचा विचार मग एकत्र करावा लागतो. प्रशिक्षणाच्या काळातही त्याने तुमच्या वतीने कोणत्याही संघीय कार्यालयाशी बोलणी करू नयेत. अधिकाऱ्यांना त्याच शीर्षकातली कलमे २०३ आणि २०५ ते करू देत नाहीत. ‘तुझी तिथे ओळख आहे, एक फोन लाव’ ही विनंती तुमच्या विभागात कोणी केली तर ती तुम्हीच थांबवा.

रुजू होतानाच्या बोनसचे उत्तर तारखेवर अवलंबून आहे. नोकरीचा प्रस्ताव स्किलब्रिज चालू असताना देता येतो आणि स्वीकारताही येतो. पैसे मात्र सेवा संपल्यावर, पुढच्या कामासाठी म्हणूनच दिले पाहिजेत. पत्रात तसे लिहावे, आणि ‘प्रशिक्षणातील उत्कृष्ट कामाबद्दल’ असे शब्द कौतुकाच्या भरातही घालू नयेत. इथे एक बारकावा आहे. स्किलब्रिज संपल्यावर आणि सेवामुक्तीपूर्वी बरेच जण साठवलेली रजा घेतात, जिला टर्मिनल लीव्ह म्हणतात. त्या रजेवर असताना सैनिक अजूनही सेवेतच असतो, भेटवस्तूंचे नियमही लागू राहतात. पण तेव्हा तो कर्तव्य म्हणून तुमच्याकडे बसलेला नसतो, त्यामुळे वरिष्ठांच्या परवानगीने पगारी नागरी नोकरी सुरू करू शकतो आणि त्या कामाचे वेतन घेऊ शकतो. म्हणजे तोच माणूस, तीच खुर्ची, तेच काम. शुक्रवारी स्किलब्रिज संपले तोवर एक डॉलरही घेता येत नव्हता, आणि सोमवारी रजा सुरू झाल्यावर रीतसर पगार घेता येतो. लोकांना हे विचित्र वाटते. पण शुक्रवारपर्यंत त्या खुर्चीत बसण्याचे पैसे सरकार देत होते, हे ध्यानात घेतले की तर्क लक्षात येतो. तुमच्या मनुष्यबळ विभागाने रजा सुरू होण्याची तारीख आणि सेवामुक्तीची तारीख अशा दोन्ही तारखा त्याच्याकडून लेखी घ्याव्यात. अधिकारी म्हणून सरकारपुढे तुमचे प्रतिनिधित्व न करण्याचे बंधन दुसऱ्या तारखेपर्यंत चालूच राहते, आणि काही बाबतींत त्यानंतरही.

कंपनी परदेशी सरकारच्या मालकीची असती तर राज्यघटनेतल्या परकीय देणग्यांच्या कलमाचाही विचार करावा लागला असता. तुमच्या प्रश्नात तसे काही दिसत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

एक उलट्या दिशेची गोष्ट मात्र सांगून ठेवतो. कंपन्यांना गणवेशातल्या कॅप्टनचे छायाचित्र संकेतस्थळावर टाकायची हौस असते, खाली त्याचे दोन कौतुकाचे शब्द. पद आणि गणवेश वापरून खासगी कंपनीची भलामण करणे नियमात बसत नाही. ते छायाचित्र सेवामुक्तीनंतर, साध्या कपड्यांत काढा.

आणि नियमात बसणारी प्रत्येक भेट घेतलीच पाहिजे असेही नाही. २०१७ च्या सुधारणेने हे मुद्दाम लिहून ठेवले आहे की, नियमाने चालत असले तरी सर्व परिस्थिती जाणणाऱ्या समंजस माणसाला शंका येईल अशी भेट नाकारण्याचा विचार सैनिकाने करावा. तुमची कंपनी या वर्षी मोठ्या कंत्राटाच्या स्पर्धेत असेल, तर अठरा डॉलरचा डबाही कॅप्टन नम्रपणे परत करील. त्याचा राग मानू नका.

राहता राहिले हेडफोन. प्रशिक्षणाचे साधन म्हणून ते दिले असतील तर कंपनीच्या मालमत्तेत नोंद करा आणि जाताना परत घ्या. पण ‘स्वागतभेट’ म्हणून चिठ्ठी लावून दिले असतील, तर मागाहून नोंदवहीत साधन लिहिणे म्हणजे चुकीवर खोटेपणाची भर आहे, ते करू नका. मग कॅप्टनपुढे दोन रास्त मार्ग उरतात: वस्तू परत करावी, किंवा पूर्ण बाजारभाव, म्हणजे दीडशे डॉलर, कंपनीला द्यावेत. नष्ट करण्याची मुभा १०० डॉलरपर्यंतच्याच वस्तूंना आहे, आणि दुसऱ्याला वाटून टाकण्याची किंवा धर्मादाय संस्थेला देण्याची सोय नाशवंत वस्तूंपुरती आहे; हेडफोन त्या दोन्हींत बसत नाहीत. त्याने हे स्वतःहून, सल्लागाराला कळवून आणि उशीर न लावता केले, तर नियमानुसार त्याने भेट अयोग्यरीत्या स्वीकारलीच नव्हती असे मानले जाते. तुम्ही प्रश्न विचारलाच आहे, तर या आठवड्यातच त्याला बोलावून सांगा, आणि त्याने हेडफोन परत दिले की मिळाल्याची दोन ओळींची ईमेल त्याला पाठवा.